फ्रेमवर जोडणाऱ्याचं नाव असू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या क्रीडा पानावर कार्टिंगची, म्हणजे जमिनीलगतच्या छोट्या उघड्या रेसिंग गाड्यांच्या शर्यतीची, बातमी वाचली. सोबत करंडक उंचावलेल्या बारा वर्षांच्या मुलाचा फोटो होता. पोरगं गुणी आहे, मी त्याला ओळखतो. बातमीत त्याच्या वडिलांचं नाव होतं, इंजिन ट्यून करणाऱ्याचं होतं, टायर कोणत्या कंपनीचे तेही होतं. तो ज्या फ्रेमवर, म्हणजे गाडीच्या पाइपच्या सांगाड्यावर, बसून जिंकला ती या हंगामात दोनदा तडकली आणि दोन्ही वेळा माझ्या टेबलावर आली. माझं नाव छापलं नाही म्हणून मी हे लिहीत नाही, मला त्याची हौस कधीच नव्हती. पण फ्रेम कोणी जोडली हे कागदावर नसतं, लोखंडावरही बहुतेक नसतं, आणि त्यापायी काय होतं हे मी पाहिलं आहे. म्हणून हे पत्र. लांबलं तर क्षमा असावी.

मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात बेचाळीस वर्षं फॅब्रिकेशन करतो. वडील शाहू मिलमध्ये फिटर होते. 1983 साली आयटीआयमधून वेल्डरचा ट्रेड करून बाहेर पडलो आणि पहिली चार वर्षं उसाच्या ट्रॉल्या, गेटं आणि गुऱ्हाळाच्या काहिलींची डागडुजी यात गेली. गळकी काहील जोडणं हे हात तयार करणारं काम आहे. पत्रा पातळ असतो, जरा जास्त थांबलात की भोक पडतं, आणि मालक शेजारी उभा असतो, कारण गुऱ्हाळ बंद पडलेलं असतं.

1987 च्या सुमारास एक तरुण शेठ मारुती जिप्सी घेऊन आला. त्याला रॅलीत उतरायचं होतं आणि गाडीत पिंजरा बसवायचा होता. गाडी उलटली तर माणूस वाचावा म्हणून आतून पाइपचा जो सांगाडा करतात, त्याला आम्ही पिंजरा म्हणतो. त्याच्याकडे नियमांच्या झेरॉक्स केलेल्या पानांचा गठ्ठा होता. इंग्रजी मला जेमतेम कळायचं, तो वाचून दाखवायचा. त्यातली एक गोष्ट ऐकून मी थांबलोच. आमच्याकडे पाइप वाकवायचा म्हणजे त्यात कोरडी वाळू ठासून भरायची, दोन्ही तोंडं बंद करायची, भट्टीवर लाल करायचा आणि वाकवायचा. पुस्तक म्हणत होतं, पाइप थंडच वाकवायचा आणि वळणाची त्रिज्या पाइपच्या व्यासाच्या तिपटीपेक्षा कमी ठेवायची नाही. पाइपही शिवणीचा चालणार नाही, सीमलेस म्हणजे बिनशिवणीचाच हवा. आज आंतरराष्ट्रीय नियमांत पिंजऱ्याच्या मुख्य कमानीसाठी 45 मिलिमीटर व्यास आणि 2.5 जाडी, किंवा 50 व्यास आणि 2 जाडी असं माप आहे. त्या पिंजऱ्यासाठी शेजारच्या टर्नरकडून पाइप वाकवायचा बिडाचा साचा करून घेतला, ट्रकचा जॅक लावला आणि तीन पाइप वाया घालवून चौथा नीट वाकवला. त्या शेठनं वाया गेलेल्या पाइपचेही पैसे दिले, हे मी आजही विसरलेलो नाही.

त्याच्याबरोबर 1989 च्या सुरुवातीला मद्रासजवळ शोलावरमला गेलो. विमानांच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या. तिथे पहिल्यांदा फॉर्म्युला मारुती गाडी जवळून पाहिली. कोइमतूरच्या एस. करिवर्धन यांनी 1988 साली मारुती 800 चं इंजिन घेऊन एका माणसाच्या या रेसिंग गाड्या तयार केल्या, सामान्य खिशाच्या मुलांनाही शर्यत परवडावी म्हणून. शेठ इंजिनाकडे बघत होता. मी गुडघ्यांवर बसून सांधे बघत होतो. देशी पाइप, देशी हात, आणि सांधा असा की बोट फिरवावं. आपल्याकडेही हे होऊ शकतं, एवढं त्या दिवशी डोक्यात बसलं. 1995 मध्ये करिवर्धन विमान अपघातात गेले. कोइमतूरच्या ट्रॅकला त्यांचं नाव आहे, कारी मोटर स्पीडवे. गाडी बनवणाऱ्या माणसाचं नाव आपल्या देशात ट्रॅकला लागलं आहे, याचा मला अभिमान वाटतो.

कार्ट माझ्याकडे आली ती पुढच्या दशकात. कोणीतरी इटलीहून आणलेली वापरलेली चॅसी, म्हणजे कार्टची फ्रेम, तडकलेल्या अवस्थेत दारात टेकवली आणि म्हणाला, "मिस्त्री, एवढं जोडून द्या." मी ट्रॉलीच्या पाइपसारखी ती जोडली आणि रोजच्या सवयीनं सांध्यावर ओलं फडकं फिरवलं, लवकर गार व्हावा म्हणून. दुसऱ्या दिवशी सरावात ती बरोबर सांध्याच्या कडेनं मोडली. ही पूर्ण माझी चूक होती. हा पाइप क्रोमोलीचा असतो, लोखंडात क्रोमियम आणि मॉलिब्डेनम असलेला. तापलेला असताना त्याला पाणी लागलं की वेल्डच्या कडेची पट्टी काचेसारखी कडक होते आणि हादऱ्यानं फुटते. त्याला स्वतःच्या गतीनं निवू द्यावं लागतं. वारासुद्धा लागता कामा नये. तेव्हापासून आर्गनचं काम, म्हणजे आर्गन वायूच्या आडोशानं करायचं वेल्डिंग, चालू असताना माझ्या शेडचा पंखा बंद असतो, मे महिना असला तरी.

कार्टची फ्रेम इतर गाड्यांपेक्षा वेगळी का, हे वाचकांना सांगायला हवं. कार्टला ना स्प्रिंग, ना शॉकअब्सॉर्बर, ना दोन चाकांना वेगवेगळ्या गतीनं फिरू देणारा डिफरन्शियल. मागची दोन्ही चाकं एकाच आक्सलवर रेल्वेच्या चाकांसारखी घट्ट बसवलेली असतात, आणि आक्सल म्हणजे मोठ्या कार्टला 50 मिलिमीटरची पोकळ नळी. आता वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं आणि आतल्याला कमी. दोन्ही जखडलेली असतील तर गाडी वळेल कशी? ती वळते, कारण स्टिअरिंग फिरवलं की पुढच्या स्टब आक्सलच्या (चाक ज्यावर बसतं त्या आखूड आसाच्या) तिरकेपणामुळे आतलं पुढचं चाक खाली दाबलं जातं, फ्रेम पिळवटते आणि आतलं मागचं चाक जमिनीवरून किंचित उचललं जातं. ते उचललं गेलं की गाडी मोकळी होते. म्हणजे 30 किंवा 32 मिलिमीटरचा, सुमारे दोन मिलिमीटर जाडीचा पाइप हाच कार्टचा स्प्रिंग. प्रत्येक वळणाला तो पिळतो आणि सुटतो, दिवसभर. सीटसुद्धा नुसती बसायला नसते, सीटच्या पट्ट्या फ्रेमला किती ताठ करतात यावर गाडीचा स्वभाव ठरतो. फ्रेम फार ताठ झाली तर गाडी वळणावर उड्या मारते, मऊ पडली तर अंगात ताकद नसल्यासारखी लोळते. इतका विचार दोन मिलिमीटरच्या नळीत असतो, आणि ती नळी कोणाच्या तरी हातानं जोडलेली असते.

पहिली कार्टच मुळी आमच्यासारख्याच एका माणसानं केली. अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळच्या ग्लेंडेल गावी आर्ट इंगेल्स नावाचा फॅब्रिकेटर कर्टिस क्राफ्ट या रेसिंग गाड्यांच्या कारखान्यात होता. या कारखान्याच्या गाड्यांनी 1950 ते 1955 या सहा वर्षांत इंडियानापोलिसची 500 मैलांची शर्यत पाच वेळा जिंकली. फक्त 1952 साल हुकलं. दिवसभर अशा गाड्या जोडणाऱ्या त्या माणसानं 1956 मध्ये लू बोरेली या मित्राला घेऊन पाइपची छोटीशी चौकट केली आणि तिला वेस्ट बेंड कंपनीचं छोटं टू-स्ट्रोक इंजिन बसवलं. जगातली पहिली गो-कार्ट ती. पॅसाडेनाच्या रोझ बोल स्टेडियमच्या पार्किंगमध्ये लोक अशा गाड्या पळवायला लागले. मग सायलेन्सरचं दुकान चालवणारे डफी लिव्हिंगस्टन आणि त्यांच्या साथीदारांनी त्या बनवून विकायला सुरुवात केली, इंगेल्स आणि बोरेली यांनी स्वतः कॅरेटा नावाची कार्ट काढली, आणि 1959 मध्ये करवतींची इंजिनं बनवणारी मॅकलॉक कंपनी खास कार्टचं इंजिन घेऊन उतरली. इटलीत ब्रेशाजवळ अँतोनिओ बोझिओ यांनी 1958 मध्येच टोनी कार्ट ही कंपनी सुरू केली होती. आज जगभर धावणाऱ्या बऱ्याच चॅसींचं माहेर तोच भाग आहे. एका वेल्डरच्या हौसेपासून तीन-चार वर्षांत धंदा उभा राहिला. फॉर्म्युला वनचा चालक मायकेल शूमाकर, त्याचे वडील तर गवंडी. पोराच्या पायडलच्या गाडीला त्यांनी छोट्या मोटरसायकलचं इंजिन बसवून दिलं आणि पुढे कार्टच्या ट्रॅकवर दुरुस्तीची कामं केली. मुलगा सात वेळा जगज्जेता झाला. कोणी म्हणेल हे परदेशातलं. पण वडिलांनी शेडमध्ये जोडलेली गाडी मला अगदी उद्यमनगरातली वाटते.

माझा धंदाही तसाच हळूहळू झाला. आमच्या कोल्हापुरात मोहिते रेसिंगचा ट्रॅक झाला, राष्ट्रीय फेऱ्या होऊ लागल्या, आणि बाहेरून आलेल्या टीमची वाकलेली, तुटलेली सामग्री रात्री अकराला माझ्याकडे यायला लागली. सकाळी नऊला सराव, म्हणजे रात्रीतच काम. त्यातून सुटे भाग करू लागलो. आधी सीटच्या पट्ट्या आणि बंपर, मग पेडल, बेअरिंगचे हँगर, चेनचे गार्ड, टाय रॉड. अॅल्युमिनियमचे हब शेजारचा सीएनसीवाला करून देतो. इटलीचा भाग यायला तीन आठवडे लागायचे आणि कस्टम वेगळी, माझा भाग दुसऱ्या दिवशी मिळायचा. नंतर सहलीच्या ठिकाणच्या भाड्याच्या कार्ट आल्या. त्यांना होंडाचं चार स्ट्रोकचं इंजिन असतं, वेग कमी, पण त्या दिवसाला साठ-सत्तर वेळा धावतात आणि चालवणारे नवखे असतात. खरा मार त्या फ्रेम खातात. कोरोनाच्या काळात सगळं बंद झालं, तेव्हा सिलिंडरच्या ट्रॉल्या केल्या आणि दोन पोरांना कामावर टिकवलं.

फ्रेम तपासायची माझी पद्धत सांगतो. आधी ज्या जागा तडकतात तिथला रंग पूर्ण काढायचा: सीटच्या पट्टीचं मूळ, पुढचं चाक धरणारा सी-ब्रॅकेट, मागचा आक्सल धरणाऱ्या बेअरिंग हँगरची कड. रंगावरून भेग बघणारा माणूस स्वतःला फसवतो. मग थिनरनं पुसून भेगेत शिरणाऱ्या लाल रंगाचा स्प्रे मारायचा आणि दहा मिनिटं थांबायचं. लाल पुसून टाकायचा आणि भेगेतला लाल बाहेर ओढणारा पांढरा डेव्हलपर मारायचा. भेग असेल तर त्या पांढऱ्यावर कुंकवाची केसाएवढी रेघ उमटते. ती हळूहळू उमटताना बघणं इतक्या वर्षांनीही माझ्या अंगावर येतं, कारण काल कुणाचं तरी पोर त्यावर बसलं होतं. रेघेच्या दोन्ही टोकांना बारीक ड्रिल मारायचं म्हणजे भेग पुढे पळत नाही, मग ग्राइंडरनं तळापर्यंत खाच काढायची आणि आर्गननं भरायचं. शेवटी फ्रेम सरफेस प्लेटवर, म्हणजे अगदी सपाट लोखंडी टेबलावर, ठेवून दोन्ही कर्ण मोजायचे. एक मिलिमीटरपेक्षा जास्त फरक मी सोडत नाही. उलटी करून तळही बघायचा, ट्रॅकच्या कडेच्या कर्बवर घासून पाइप चपटा झाला असेल तर ती फ्रेम जोडायची नाही. मालक रागावतो, रागावू दे.

आता ज्यासाठी पत्र लिहिलं त्याकडे येतो. काही वर्षांपूर्वी एका थंड हवेच्या ठिकाणच्या खासगी पार्कात भाड्याच्या कार्टचं पुढचं उजवं चाक चालताना दुमडलं. अकरा वर्षांची मुलगी टायरच्या भिंतीवर आदळली आणि गळ्याजवळचं हाड मोडलं. मालकानं कार्ट टेम्पोत घालून माझ्याकडे आणली आणि सर्वांसमोर म्हणाला, "ही तुमची फ्रेम." मी रंग काढला. फ्रेम माझीच होती, माझे सांधे मला कळतात. पण सी-ब्रॅकेटवर माझ्या आर्गनच्या सांध्यावरून कुणीतरी सीओटू वेल्डिंगचा (तारेनं भराभर भरायच्या वेल्डिंगचा) जाड थर चढवला होता. आतली जुनी भेग तशीच, खाच न काढता, तीवर मलमपट्टी. मोडलेल्या जागी गंजाची तपकिरी कड दिसत होती, म्हणजे भेग कित्येक आठवडे उघडी होती. हे काम कुणी केलं? मालकाला आठवत नव्हतं, मॅनेजर बदलला होता, वहीत "वेल्डिंग, रु. 300" एवढंच होतं. तो वेल्डर वाईट माणूस असेल असं मी म्हणणार नाही. त्याला कदाचित कुणी सांगितलंच नसेल की यावर लहान मुलं बसतात. पण त्याला विचारायची, शिकवायची, थांबवायची वाट राहिली नव्हती. आणि माझ्याकडे तरी पुरावा काय होता? माझ्या सांध्याखाली माझी खूण नव्हती. त्या मुलीच्या वडिलांसमोर मी उभा राहिलो तेव्हा "माझा हात इथपर्यंत, पुढचा दुसऱ्याचा" हे सांगायला माझ्याकडे शब्दांशिवाय काही नव्हतं. त्यांनी ऐकून घेतलं. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही, आणि कित्येक रात्री लागली नाही.

दुसऱ्या आठवड्यात मी अक्षरं ठोकायचे पोलादी पंच करून घेतले. तेव्हापासून माझ्या शेडमधून निघणाऱ्या प्रत्येक फ्रेमच्या मागच्या आडव्या पाइपला जोडलेल्या छोट्या पट्टीवर जोडणाऱ्याची अक्षरं, महिना आणि वर्ष असतं. पंच पाइपवर मारत नाही, तिथून भेग सुरू होऊ शकते. दुरुस्ती केली तर दुसरी पट्टी. माझा कामगार जोडेल तर त्याची अक्षरं, माझी नाहीत. याचा एक परिणाम मी धरलाच नव्हता. पोरांचं काम सुधारलं. स्वतःचं नाव ठोकायच्या आधी पोरगा सांधा पुन्हा एकदा भिंगानं बघायला लागला.

आपल्या वर्तमानपत्रातून माझी विनंती आहे ती अशी. भाड्याच्या कार्ट चालवणाऱ्यांनी फ्रेमवर दुरुस्तीची अशी पट्टी आणि वहीत जोडणाऱ्याचं पूर्ण नाव ठेवावं, आणि परवाने देणाऱ्यांनी ती वही मागावी. याला खर्च जवळजवळ नाही. मागचा आक्सल आणि चेन झाकणारं गार्डही त्याच वेळी तपासावं. ओढणी आणि मोकळे केस त्यात गुंतून जीव गेले आहेत, आणि ते गार्ड म्हणजे आमच्या हातचं अर्ध्या तासाचं काम आहे.

दुसरं, इंजिनिअरिंग कॉलेजांना. दरवर्षी मुलं बाजा स्पर्धेसाठी, म्हणजे विद्यार्थ्यांनीच बनवलेल्या खडतर रस्त्यावरच्या गाड्यांच्या स्पर्धेसाठी, गाडी करतात आणि मध्य प्रदेशातल्या पिथमपूरला घेऊन जातात. 2007 पासून ही स्पर्धा भारतात चालू आहे आणि माझ्याकडे कोल्हापूर-सांगलीची बरीच पोरं येऊन गेली. डिझाइन संगणकावर सुंदर असतं. पण कितीतरी टीम 25 मिलिमीटर व्यासाचा, 3 जाडीचा पाइप जाण्याच्या पंधरा दिवस आधी आणून टाकतात आणि "काका, जोडून द्या" म्हणतात. त्या स्पर्धेत वेल्डिंगचे नमुने तोडून आणि कापून दाखवावे लागतात, आणि ते पिंजरा जोडणाऱ्याच माणसानं केलेले असावेत अशी अपेक्षा असते. म्हणजे नियम करणाऱ्यांना हाताची किंमत कळते. मग कॉलेजच्या अहवालात कॅप्टनपासून सोशल मीडियापर्यंत सर्वांची नावं असताना वेल्डरची जागा रिकामी का असते? आणि मुलांनी आर्गनची टॉर्च स्वतः हातात का घेऊ नये? आमच्या आयटीआयच्या वेल्डर ट्रेडच्या पोरांना त्या टीममध्ये बरोबरीनं घ्या. पाइपला माशाच्या तोंडासारखी खाच कशी काढायची, फट न ठेवता ती कशी बसवायची, एका बाजूला टाका मारला की समोर का मारायचा, हे त्यांना येतं. ताण कुठे येतो याचं गणित कॉलेजच्या पोरांना येतं. दोघांना एकमेकांची गरज आहे आणि आज दोघं एकमेकांना ओळखत नाहीत.

यंदा एका कॉलेजच्या टीममधली तिसऱ्या वर्षाची मुलगी जूनपासून दर शनिवारी माझ्याकडे येते. इचलकरंजीची आहे, वडील यंत्रमागावर काम करतात. पहिला महिना मी तिला फक्त भंगारातल्या पाइपचे तुकडे दिले. पहिल्याच शनिवारी तिनं वेल्डिंगची काळी काच डोळ्यांवर उशिरा घेतली आणि रात्रभर डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालं, तरी पुढच्या शनिवारी आली. आता तिचा सांधा पडलेल्या नाण्यांच्या रांगेसारखा सारखा येतो. टीमची पूर्ण फ्रेम तिनंच जोडली, मी फक्त शेजारी उभा होतो. गेल्या शनिवारी फ्रेम जिगवरून (जोडताना पाइप जागेवर धरणाऱ्या साच्यावरून) काढली, कर्ण मोजले, अर्ध्या मिलिमीटरचा फरक निघाला. पट्टी ऐरणीवर ठेवून मी पंचाचा डबा तिच्यापुढे सरकवला. तिनं विचारलं, "काका, तुमची अक्षरं कुठली?" मी म्हटलं, फ्रेम तू जोडलीस. तिनं तिची तीन अक्षरं ठोकली. मधलं जरा तिरकं गेलं, ते तसंच ठेवलं आहे.

ही गाडी पुढच्या हंगामात स्पर्धेला जाईल. आपला बातमीदार तिथे गेला तर त्यानं मागच्या आडव्या पाइपखाली एकदा वाकून बघावं.

आपला,
एक जुना वाचक आणि फॅब्रिकेटर,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर